भय्याजींची रिव्हॉल्व्हर मी का घेतली नाही

मी, सत्यभामाबाई केवळराम गहाणे, वय अडुसष्ट, राहणार मौजा पिंपळटोला, तालुका लाखनी, जिल्हा भंडारा, निवृत्त अंगणवाडी सेविका, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. कोणाला काय मिळणार ते त्यात होते, का मिळणार ते नव्हते. वकील म्हणाले, "बाई, कोर्टाले कारन लागत नाही." मला लागते, म्हणून पुन्हा लिहिते.

माझे यजमान केवळराम दहा वर्षे सरपंच होते. ते वारले त्याला नऊ वर्षे झाली. घर आणि शेत त्यांनी हयातीतच माझ्या नावे केले होते, ते प्रेमापोटी नव्हे, भावकीच्या खटल्यातून वाचवायला. तरी कागदावर ते माझे आहे आणि मी ते माझेच समजते.

कलम एक. तलावाखालची अडीच एकर धानाची शेती मुलगा कैलाश याला द्यावी. रोवणीत तो बायांच्या आधी बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरतो, हे मी नाकारणार नाही. पुढे त्याच्याविषयी जे लिहिले आहे ते वाचून रागाने त्याने शेत सोडू नये.

कलम दोन. शिलाई मशीन शेजारीण मनकर्णाबाई हिला द्यावी. माझ्या जाऊबाई ललिताबाई यांनी ती दोनदा मागितली होती आणि दोन्ही वेळा मी ती बिघडली आहे असे खोटे सांगितले. मशीन चांगली आहे.

कलम तीन. पिस्तूल. यजमानांना सरपंचकीत धमक्या आल्या म्हणून परवाना मिळाला होता. धमकी देणारा दोन वर्षांत मेला, पिस्तूल मात्र कमरेला राहिले. त्यांच्यानंतर वारस म्हणून परवाना माझ्या नावे झाला. विकायचे म्हणून घेतले आणि कपाटात राहून गेले.

गेल्या दिवाळीनंतर माझ्या माहेरच्या गावचे भय्याजी यांनी निरोप पाठवला. त्यांचे आजोबा तिथले मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदार. त्यांच्याकडे आजोबांची इंग्रजी रिव्हॉल्व्हर आहे, तिचा गोळीवर आपटणारा घोडा आत लपलेला आहे, बाहेरून दिसत नाही. त्यांना बाळगायला पिस्तूल हवे होते. अदलाबदल करू, कलेक्टर ऑफिसची परवानगी मी काढतो, असे त्यांचे म्हणणे.

कैलाशला झोप येईना. "आई, असी चीज जिल्ह्यात दुसरी नाही. अन् तो खुद देऊन राहिला. तू कायले विचार करून राहिली?"

कैलाशच्या गाडीवर बसून मी बघायला गेले. भय्याजींनी रिव्हॉल्व्हर मखमली फडक्यातून काढली, मधून दुमडून उघडून दाखवली. वस्तू देखणी होती, खोटे कशाला लिहू. मग ते हसत म्हणाले, "आमच्या आजोबानं याच्यानं जिंदगीत एकच गोळी मारली. दुष्काळाच्या साली एक कास्तकार न विचारता तलावाचं पानी आपल्या बांधीत घेऊन राहिला होता. तलावाच्या पारीवर, बांधावरच मांडीत मारली. अन् मजा अशी का बाई, तो मानूस मरेपर्यंत सांगत राहिला, बैलानं शिंग मारलं म्हून."

माझे आजे दशरथ लंगडत. बैलाने शिंग मारले असे आम्हा नातवंडांना सांगत. त्यांच्या मांडीतला खळगा मी लहानपणी बोट घालून पाहिला आहे.

मी विचारले, "नाव काय होतं त्याचं?"

"नाव कोनाले आठवते?"

"दशरथ. माहे आजे होते ते."

मला वाटले, आता तरी हा माणूस खाली बघेल. मी खात होते ती चिवड्याची बशी भय्याजींनी माझ्याकडे आणखी सरकवली. "अरे वा. मंग तं ही तुमच्याच घरची झाली."

तोंडात होता तो घास मी ओसरीबाहेर जाऊन थुंकले.

परतताना गाडीवर कैलाशच्या मागे बसले होते. मला वाटले, कैलाश बापजाद्यांसाठी काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "आई, हे तं त्याच्याकडून लिहूनच घ्याले पायजे. इतिहास असला का कीमत डबल होते." माझ्या पोटच्या मुलाच्या पाठीला धरून बसायची मला किळस आली. मी हात काढून घेतला आणि सीटखालचा दांडा धरून घरी आले.

तरीही मी लगेच नकार दिला नाही. चार दिवस वाटत होते, घ्यावी आणि तलावात फेकून द्यावी. निदान त्या फडक्यातून ती निघेल, पाहुण्यांना दाखवून कोणी हसणार नाही. पाचव्या दिवशी, बदल्यात आपण काय देणार ते बघावे म्हणून कपाटातून पिस्तूल काढले. ते हातात आले आणि वीस वर्षांपूर्वीची दुपार आठवली.

माझी मुलगी रीता हिचे नाव नागपूरला नर्सिंगच्या यादीत लागले होते. यजमानांनी तुमसरच्या एका ठेकेदाराच्या मुलाशी तिचे पक्के करून ठेवले होते. जेवताना रीता म्हणाली, "बाबा, मले नाही कराचं लग्न." यजमानांनी कमरेचे पिस्तूल काढून ताटाशेजारी ठेवले आणि म्हणाले, "भात वाढ." मी भात वाढला. वरण वाढले. रीताच्या ताटातही वाढले. लग्न झाले. नवरा मारी. आठ वर्षांनी दोन मुलींना घेऊन ती निघाली आणि आज भंडाऱ्यात भाड्याच्या खोलीत राहून एका दवाखान्यात आया आहे.

भय्याजी आजोबाच्या गोळीवर हसले तेव्हा मी थुंकले. आमच्या पिस्तुलातून गोळी सुटली नाही, एवढ्यावर मी वीस वर्षे आम्हाला बरे लोक समजत आले. त्या दिवशी मला माझ्याच हाताची शिसारी आली.

भय्याजींना नकार कळवला. त्यांची वस्तू माझ्याकडे येऊन माझी त्यांच्याकडे जाणार, म्हणजे दोन्ही घरे होती तशीच राहणार. मी परवाना परत केला आणि पिस्तूल नष्ट करण्यासाठी सरकारजमा केले. कलेक्टर ऑफिसच्या खिडकीवरच्या बाबूने विचारले, "बाई, चांगली किंमत आली असती, कायले जमा करून राहिल्या?" मी म्हटले, "घरात जागा नाही." म्हणून या कलमाखाली कोणालाही काही मिळणार नाही.

कलम चार. राहते घर, मागच्या वाडीसह, रीताला द्यावे. ही मेहेरबानी नाही. पिस्तूल जमा केल्यावर मी तिच्या खोलीवर गेले आणि म्हणाले, "त्या दिवशी मी तुह्यासाठी बोलाले पायजे होतं."

रीता मुलींचे कपडे घडी करत होती. ती म्हणाली, "पिस्तुलाचं मले भेव नव्हतं वाटलं, आई. बाबा मले मारनार नव्हते, हे मले मालूम होतं. तू वाढाले उठली, तवा भेव वाटलं."

 तिने चहा केला, मी प्यायले. ती पिंपळटोल्याला राहायला येईल की नाही, ते तिने सांगितले नाही. घर तिने विकले, बंद ठेवले किंवा पाडले तरी कैलाशने हरकत घेऊ नये.

हे सर्व मी आज दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले आणि त्यांच्यादेखत सही केली. कैलाशलाही बोलावले होते. तो शेवटपर्यंत बसला. मग म्हणाला, "तुह्या आज्याच्या मांडीचं मले आधी कोनी सांगतलंच नव्हतं." मी म्हटले, "मलेही नाही."

सही: सत्यभामाबाई केवळराम गहाणे

साक्षीदार: १. गोपीचंद, निवृत्त शिक्षक, पिंपळटोला (सही)
२. मारोतराव, कास्तकार, पिंपळटोला (सही)

ठिकाण: पिंपळटोला, जिल्हा भंडारा
तारीख: २ फेब्रुवारी २०२५