टेकचंदची झांज

पुणे, ८ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
रश्मीचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर माझं बोलणं तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरच्या दोन-दोन ओळी तुम्हाला आवडत नाहीत. म्हणून पेन ड्राइव्हच्या पाकिटात हे पत्र घालते आहे.

दिवाळीला तुम्ही चिचगडहून खोकं भरून दिलेल्या आईच्या अडतीस सीडी मी संगणकात उतरवल्या. सीडीतला आवाज जसाच्या तसा ठेवला तर जागा फार लागते. त्याची एमपी-थ्री केली की कानाला फारसं कळत नाही तेवढं गाळलं जातं आणि फाईल दहापट लहान होते. तशा केल्या आहेत. विहारातल्या साउंड बॉक्सला हा पेन ड्राइव्ह मागच्या बाजूने लावायचा.

आई गेल्याला सहा वर्षं झाली, पण सीडी लावल्या आणि पहिल्याच गाण्याआधी ती घसा खाकरली. मी उठून स्वयंपाकघरात गेले, बाबा. तिथूनच ऐकलं.

जयंतीला विहारातल्या मुली आईची गाणी म्हणणार, ही बातमी वाचून फार बरं वाटलं. मात्र मुलींवर बसमधल्या प्रवाशांवर ओरडायचात तसं ओरडू नका, त्या पळून जातील. टेकचंदकाकांना नमस्कार सांगा. आम्ही पुढच्या आठवड्यात घर बदलतो आहोत, पत्ता मागे लिहिला आहे.

आजवर केलीत तशीच माया करत राहा.
आपली,
रश्मी


चिचगड, २१ जानेवारी २०२५

चि. रश्मीस, अ. आ. व जयभीम.

पाकीट मिळाले. पेन ड्राइव्ह लावला. तुझ्या आईचा आवाज मला अर्धामुर्धा आला, पण आला. तीस वर्षे इंजिनाच्या बाजूला बसून तिकिटे फाडली, त्यात माझ्या कानांतले वरचे बारीक आवाज गेले. चिमणी दिसते, ऐकू येत नाही. त्यामुळे गाण्याच्या कामात टेकचंदचे कान तेच माझे कान.

तर टेकचंद म्हणतो, तुझ्या आईच्या मागे त्याने वाजवली ती ही झांज नाही. झांजेवर झांज आपटली की जो आवाज लांब जातो, तो इथे पाण्यात पडल्यासारखा खळखळून विझतो. तुला माहीत आहे, तुझी आई स्वतः रचायची आणि झांजेचा ठोका सुटल्यावर त्याच्या मागून गाणे उचलायची. तो ठोका नीट कळत नाही म्हणून पोरी चुकीच्या जागी उचलून राहिल्या आहेत. डिंपल त्यांच्यात हुशार आहे, तीसुद्धा अडखळते. टेकचंदने वाजवून दाखवले असते, पण मळणीयंत्रात बोटे गेल्यापासून त्याच्याने झांज धरवत नाही.

तू म्हणतेस कानाला कळत नाही तेवढेच गाळले. टेकचंदच्या कानाला ते कळून राहिले आहे. न गाळता करता येत असेल तर तसे पुन्हा करून पाठव. घाई नाही, जयंतीला वेळ आहे.

तब्येतीस जप. नवीन घरात पाण्याची सोय कशी आहे ते लिही.
तुझा,
बाबा


पुणे, २ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस, सविनय जयभीम. वि. वि.

नवा, मोठा पेन ड्राइव्ह पाठवते आहे. या फाईल फ्लॅक नावाच्या आहेत. त्यात काहीच गाळलं जात नाही. आधीच्यापेक्षा पाचपट जागा लागली, यावरून समजा. साउंड बॉक्सने त्या वाजवल्या नाहीत तर कळवा, दुसऱ्या प्रकारात करून देईन.

काकांना म्हणावं, आता ऐकून बघा.

पाणी सकाळी दोन तास येतं. ऑफिसात खूप काम आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. राग मानू नका.
आपली,
रश्मी


चिचगड, १९ फेब्रुवारी २०२५

चि. रश्मीस, अ. आ. व जयभीम.

फाईल वाजल्या. पण इथे एक वाईट गोष्ट झाली, ती तुला कळवली पाहिजे.

टेकचंदने तीन दिवस डोळे मिटून ऐकले आणि म्हणाला, काही फरक नाही, तेच पाणी आहे. मी त्याला तुझे पत्र वाचून दाखवले. काहीच गाळले नाही, पाचपट मोठ्या आहेत, हे समजावले. तो ऐकेना. मग माझाही तोल गेला. मी पोरींसमोर बोललो की माझी मुलगी शिकलेली आहे, तुझेच कान आता म्हातारे झाले. तो उठला. चपला घातल्या आणि गेला. त्याला दहा दिवस झाले. निरोप पाठवला तर म्हणाला, धानाचे काम आहे. आमचा चाळीस वर्षांचा संग आहे आणि इतके दिवस तो माझ्या ओट्यावर आला नाही, असे कधी झाले नव्हते.

पोरी येतात, बसतात, चुकतात आणि घरी जातात. काय चुकते ते मला ऐकू येत नाही, म्हणून मी नुसता बसून राहतो.

मी बोललो ते खरेच होते, तरी बोलायला नको होते असे वाटते. तुला काय वाटते ते लिही.
तुझा,
बाबा


पुणे, २६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस, सविनय जयभीम. वि. वि.

काका बरोबर आहेत. चूक माझी आहे, आणि ती नुसती चूकही नाही.

पहिल्यांदा फाईल केल्या तेव्हा घरात चार जीबीचा एक जुना पेन ड्राइव्ह पडला होता. सगळं त्यात मावावं म्हणून मी सर्वांत हलकी एमपी-थ्री निवडली. मी ऐकत होते ते फक्त आईचा आवाज. तो छान येत होता, म्हणून बाकीचं तपासलंच नाही. मग घर बदलताना, आता सगळं संगणकात आहे असं समजून, सीडींचं खोकं भंगारवाल्याला दिलं.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी त्याच्याकडे धावत गेले. माल पुढे गेला होता. तुम्हाला कसं सांगू, हे कळेना. म्हणून त्याच एमपी-थ्री मी फ्लॅकमध्ये बदलल्या. फाईल फुगते, बाबा, पण जे एकदा गाळलं ते परत येत नाही. मला हे माहीत होतं. माहीत असून मी तुम्हाला 'काहीच गाळलं जात नाही' असं लिहिलं. शब्द खरे होते आणि पत्र खोटं होतं.

मला वाटलं होतं, कुणाला कळणार आहे. ज्यांना कळलं त्यांना तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून म्हातारं म्हणालात. त्यांच्या बोटांनी वाजवलेली झांज त्या सीडींशिवाय कुठेच नव्हती, हेही मला आत्ता उमगतं आहे. आईला जपताना मी काकांना फेकून दिलं.

हे पत्र त्यांना वाचून दाखवा. माझं नाव सांभाळू नका.
आपली,
रश्मी


चिचगड, २० मार्च २०२५

चि. रश्मीस, अ. आ. व जयभीम.

पत्र वाचून मला राग आला. चार दिवस उत्तर लिहायला बसलो नाही, कारण वाईट लिहिले असते. तू सीडी भंगारवाल्याला दिल्यास ते एक वेळ समजते. पण माझे कान गेलेले तुला माहीत होते आणि तू त्याच बाजूने आलीस, ते लागले. तरी कुणी न विचारता सांगितलेस, ते मी धरून ठेवले आहे.

पाचव्या दिवशी टेकचंदच्या घरी गेलो. तो अंगणात दोर वळत होता, म्हणजे पायात धरून एका हाताने वळायचा प्रयत्न करून राहिला होता. मी उभ्यानेच तुझे पत्र मोठ्याने वाचले. त्याची बायको अनुसयाबाई दारात येऊन ऐकत होती. त्याच्या झांजेची ओळ आली तेव्हा ती आत निघून गेली.

टेकचंदने तुझ्याबद्दल एक शब्द वाईट काढला नाही. पोरगी हाय, घाबरली असन, एवढेच म्हणाला. मग माझ्या कानाजवळ येऊन, मला नीट ऐकू यावे म्हणून सावकाश बोलला, "भोजराज, तुले आयकू येत नाही, ते मले समजते. पन तू मायं काऊन नाही आयकलं?"

पाचपट मोठी फाईल म्हटल्यावर मी चाळीस वर्षांच्या संगतीचा माणूस बाजूला ठेवला. चुकलो म्हणालो. त्याने दोराचे दुसरे टोक माझ्या हातात दिले. आम्ही दोर पुरा केला.

दुसऱ्या दिवशी तो विहारात आला. माझ्याशेजारी नाही, पोरींमध्ये बसला. झांज डिंपलच्या हातात दिली आणि तोंडाने ठोके सांगू लागला. कुठे आपटायची, कुठे नुसती घासून सोडायची, कुठे तळव्याने बंद करायची. ती वाजवायची, तो नाही म्हणायचा. असे नऊ दिवस चालले. ती झांज टेकचंदची होणार नाही, हे तोही सांगतो. पण काल पोरींनी पहिले गाणे उचलले. मला झांज ऐकू येत नाही, म्हणून मी टेकचंदच्या तोंडाकडे बघत होतो. त्याने मान हलवली, तेव्हा मी पोरींना सांगितले की बरोबर आहे.

जयंतीच्या चार दिवस आधी ये आणि आवाज घ्यायचे यंत्र आण. कोणत्या प्रकारची फाईल करायची ते मला विचारू नको. करून झाली की आधी टेकचंदला ऐकव, आणि तो हो म्हणेपर्यंत काहीही पुसू नको.

घरच्यांना आशीर्वाद. राग थोडा उरला आहे, माया त्याहून जास्त आहे.
तुझा,
बाबा