आत्याबाई पाखरं बघायला येतात

७ जानेवारी १९५९, बुधवार. उस्मानाबाद

शाळा सुटल्यावर मालतीबाई घरापर्यंत आल्या. आमच्याच कन्याशाळेत गणित शिकवतात. त्यांचे यजमान देशपांडे सर मुलांच्या हायस्कुलात सायन्स. गावात आमच्या मंडळींना ‘पाखरवेडे’ म्हणतात, त्या वेड्यांचे म्होरके तेच. शनि-रवि बेंबळीच्या पुढच्या तळ्यावर जायचंय. थंडीची पाखरं उतरलीत म्हणे.

मी नेहमीचंच सांगितलं. दिवसाची सहल असती तर आले असते, मुक्कामाला आत्याबाईंना एकटं टाकून कशी येऊ?

आत चुलीपाशी बसलेल्या आत्याबाई म्हणाल्या, "मी येते की."

मला वाटलं चेष्टा. "तुम्ही? पाखरं बघायला?"

"का? शाळा शिकलेल्यांनाच दिसतात व्हय?"

मालतीबाईंच्या हातातला चहा सांडला. माझ्या या सासूबाईंचं सोवळं त्यांना ठाऊक. आलवण नेसणारी, दुसऱ्याच्या हातचं पाणी न घेणारी बाई. हे गेल्यापासून या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. तुळजापूरला भावाकडं जातात, तेवढंच. बाकी कुठं गेलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

८ जाने., गुरु.

चेष्टा नव्हती. सकाळपासून पीठ चाळणं सुरू. दशम्या प्रवासाला चालतात, दुधातल्या असतात, त्यामुळं जेवणाचा प्रश्न त्यांनी आपला आपणच सोडवला. घरमालकीण डोकावून म्हणाली, "आत्याबाई, या वयात रानोमाळ? गुडघे काय म्हणतील?"

"गुडघे माझे आहेत. ते माझ्याशी बोलतील."

डॉ. सा. असणारच. साबणे, जनावरांच्या दवाखान्यातले. मंडळात दुर्बीण एक, ती त्यांची. मागच्या खेपेला दुर्बीण जास्त वेळ माझ्याच हातात राहिली, आणि मालतीबाई माझ्याकडं बघून हसल्या. त्याबद्दल इथं लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

आत्याबाई सोबत आहेत हे बरंच. बरंच ना?

१० जाने., शनि. बेंबळी

शाळेच्या खोलीत उतरलोय. बायका आत, पुरुष ओसरीवर. कंदील आहे तोवर लिहून घेते.

एस.टी.त आत्याबाई खिडकीपाशी. सबंध वाटेनं नुसती ज्वारी बघत होत्या. बेंबळीहून तळ्यापर्यंत बैलगाडी. उतरताना पाय ठरेना. मी पुढं व्हायच्या आत डॉ. सा.नी हात दिला. परक्या पुरुषाचा हात, आणि दिवसभर जनावरांत असलेला. आत्याबाईंनी तो धरला, उतरल्या, आणि सोडायच्या आधी म्हणाल्या,

"तुम्ही ढोरांचे डॉक्टर ना?"

"हो."

"मग माझा गुडघाही बघा. ढोरासारखाच वागतो."

सगळे हसले. ते मात्र खरंच खाली बसले, पावलाला धरून पाय हळूच वाकवून बघितला. "म्हातारी गाय असती तर एरंडाची पानं बांधायला सांगितली असती," म्हणाले. आत्याबाई खूष. त्यांना कुणाशी असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी पाणी तांबडं झालं होतं. थापट्या बदकं, पलीकडं चक्रवाकांच्या जोड्या. देशपांडे सरांनी लगेच सांगितलं, शापामुळं ही जोडी रात्री ताटातूट होऊन दोन काठांवरून हाका मारते, वगैरे. मी पदराचं टोक बघत राहिले.

आत्याबाई डोळे बारीक करून बघत होत्या. "ताटातूट कुठं? शेजारीशेजारीच बसलीत की मेली."

११ जाने., रवि. घरी

सगळं सलग लिहायला हवं, नाहीतर उद्या धीर होणार नाही.

पहाटे धुकं होतं. आत्याबाई सगळ्यांच्या आधी उठून अंघोळ करून तयार, थंड पाण्यानं. तळ्यावर डॉक्टरांनी दुर्बीण दिली. आधी काहीच दिसेना, कारण त्या दोन्ही डोळे मिटून घेत होत्या. मग उलटी धरली. मग सुलटी करून डोळ्यांना लावली. मी विचारलं, दिसलं का काही? हातानंच मला गप्प केलं.

पांढरे चमचे होते, चमच्यासारख्या चोचीचे, पाचसहा. उथळ पाण्यात चोच बुडवून डावीउजवीकडं फिरवत चाललेले.

"अगं बया," म्हणाल्या, "हा तर पळी घेऊनच आलाय! घाटतोय बघ, घाटतोय. कढी लागू नये म्हणून."

आणि हसायला लागल्या. डोक्यावरचा पदर सरकला तरी हसत होत्या. पदर मीच सारखा केला. डोळ्यांत पाणी आलेलं दुर्बिणीखालून दिसत होतं.

मग देशपांडे सर म्हणाले, हरभऱ्याच्या रानात करकोचे उतरलेत, कुणीतरी बांधावरून जाऊन बघा. मालतीबाई लगेच, "डॉक्टर जातील. सुधाताई, तुम्ही जा, तुमची नजर चांगली." माझी नजर मुळीच चांगली नाही.

बांधावरून चाललो. ते पुढं, मी मागं. मग न वळताच ते म्हणाले,

"बाई, माझी बदली होतेय. लोहाऱ्याला. होळीच्या सुमारास."

मी हं म्हटलं.

"तिथंही मुलींची शाळा आहे. म्हणजे, मी चौकशी केली... तो बघा धोबी."

खरंच धोबी होता, शेपूट हलवत. दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो. तो उडाला तरी बघत राहिलो.

"मला नीट बोलता येत नाही," ते म्हणाले. "माझी पत्नी जाऊन सहा वर्षं झाली. घर आहे, पण घरात बोलायला कुणी नाही. तुम्ही आलात तर मला फार... तुम्ही रागावला का?"

नाही रागावले. तसं म्हणायला हवं होतं. तोंडातून निघालं ते, "आत्याबाई."

"त्याही. मी दोघींनाच विचारतोय."

दोघींना. हा शब्द त्यांनी आधीपासून ठरवून आणलेला होता, आवाजावरून कळत होतं. करकोचे होते की नव्हते, आम्ही पाहिलंच नाही. परत आल्यावर देशपांडे सरांनी विचारलं किती होते, तेव्हा दोघांनी दोन वेगळे आकडे सांगितले.

गाडीत आत्याबाई माझ्याकडं न बघता बसल्या होत्या.

१२ जाने., सोम.

शाळेत मन नव्हतं. मुलींना एकच धडा दोनदा वाचायला लावला.

घरी आले तर आत्याबाई जोत्यावर तांदूळ निवडत होत्या. मी चपला काढायच्या आत,

"काय म्हणाला?"

"कोण?"

"मी पाखरं बघायला नव्हते आले, सुधे. त्याला बघायला आले होते." मग खडा बाजूला टाकत, "पाखरंही चांगली निघाली."

मालतीबाईंनी कधी सांगितलं, काय सांगितलं, ते विचारलं नाही. मी खाली बसले आणि सगळं सांगितलं. त्यांचं तांदूळ निवडणं थांबलं नाही.

"माणूस बरा आहे," म्हणाल्या. "गुडघा बघताना त्यानं वर मान केली नाही."

मी म्हटलं, लोक काय म्हणतील. तुळजापूरचे मामा काय म्हणतील.

"दादा बोंबलेल. त्याचं कामच ते, देवीपुढंही बोंबलतोच." मग हात थांबला. "वसंताचे वडील गेले तेव्हा मी चोवीस वर्षांची. न्हाव्याला बोलावलं, मला खाली बसवलं. कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय म्हटलं असतं, ते अजून मला ठाऊक नाही. नाहीच म्हटलं असतं बहुतेक. पण तुला विचारलंय."

यांचं नाव त्यांच्या तोंडून किती दिवसांनी आलं.

मी म्हटलं, ते तुम्हालाही या म्हणताहेत.

"मी नाही यायची."

"का?"

"तिथं मी कोण? सुनेच्या नवऱ्याची कोण? शेजारणीनं विचारलं ही म्हातारी कोणती, तर काय सांगशील?"

मला उत्तर सुचलं नाही. सुचायला हवं होतं, त्याच क्षणी. त्या उठून आत गेल्या.

१४ जाने., बुध. संक्रांत

डॉ. सा. तिळगूळ घेऊन आले. देशपांडे पतिपत्नी सोबत, म्हणजे बोलायला जागा नाही. आत्याबाईंनी त्यांना पाट दिला. एरवी बाहेरच्या माणसाला सतरंजी मिळते. गुडघ्याला एरंडाची पानं बांधली होती, ती दाखवली. "गुण आहे," म्हणाल्या.

जाताना ते माझ्याकडं बघून नुसतं म्हणाले, "घाई नाही." पण होळी काही लांब नाही.

१५ जाने., गुरु.

सकाळी आत्याबाईंनी गाठोडं बांधलं. तुळजापूरला जाते, भावाकडं. किती दिवस? बघू.

"माझ्यावर रागावून चाललात?"

"वेडी आहेस. माझ्या तोंडाकडं बघून तुला काही सुचायचं नाही. मी इथं असले की तू माझाच विचार करणार. जरा स्वतःचा कर."

एस.टी.त बसवून दिलं. खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या गालाला लावला. असं त्या कधी करत नाहीत. हात खरखरीत, गार.

१८ जाने., रवि.

घर फार मोठं वाटतं. दोनच खोल्या, तरी.

विचार केला. स्वतःचाच केला, त्यांनी सांगितल्याप्रमाणे. मला जायचंय. लिहिलंय, आता खोडत नाही. त्यांच्या बोलण्यातलं अर्धवटपण मला आवडतं. मधेच धोबी दाखवणारा माणूस. मला परत कुणाशी तरी जेवताना बोलायचंय.

आणि आत्याबाईंशिवाय नाही जायचं, हेही तेवढंच खरं. आईच्या घरी मी सोळा वर्षं होते. त्यांच्या घरी त्याहून जास्त झाली. यांच्या तापात शेवटच्या रात्री आम्ही दोघींनी आलटून पालटून पट्ट्या ठेवल्या. त्यानंतर मला शिक्षिकेच्या बी.टी.ला पाठवायला त्यांनी पाटल्या मोडल्या आणि दादामामांशी वर्षभर बोलल्या नाहीत. ती म्हातारी कोणती, असं कुणी विचारलं तर? माझी आई आहे, असं सांगेन. एवढं साधं उत्तर. त्या दिवशी का नाही आलं तोंडात?

२१ जाने., बुध.

पत्र लिहायला बसले, फाडलं. त्यांना वाचता येत नाही, वाचून दाखवणार दादामामा. तोंडानंच सांगायला हवं.

२४ जाने., शनि.

संध्याकाळी मालतीबाईंकडं डॉ. सा. भेटले. त्या मुद्दाम आत पोहे करायला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. पोह्यांना एवढा वेळ लागत नाही.

मी सांगितलं, उद्या तुळजापूरला जातेय. त्यांना आणायला. त्या आल्या तर माझं हो आहे.

"आणि नाही आल्या तर?"

"ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू?"

त्यांनी हातातली टोपी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी येऊ सोबत? मीच विचारतो त्यांना. मागच्या वेळी तुमच्या तोंडून विचारलं, ते चुकलंच."

पुजाऱ्यांची आळी. दारात पुजारी दादामामा बसलेले असणार, पूजेला आलेले चारदोन यजमान असणार. त्यांच्यापुढं एस.टी.तून आम्ही दोघं उतरून चालत जायचं. सांगितलं त्यांना हे सगळं. दादामामा कसे आहेत तेही सांगितलं.

"बैल मारकुटा असला की पुढूनच जावं लागतं," म्हणाले. आणि स्वतःच लाजले. "माफ करा. तुमचे मामा आहेत."

मला हसू आलं ते थांबेचना. मालतीबाई पोहे घेऊन आल्या तेव्हाही हसतच होते.

या म्हटलं त्यांना. सकाळी स्टँडवर भेटायचं ठरलंय.

आता भीती वाटतेय. आत्याबाई काय म्हणतील कळत नाही. दादामामा काय म्हणतील ते पुरेपूर कळतं. हे गेल्यापासून न नेसलेलं निळं पातळ पेटीतून काढलंय, रोजचं पांढरंही धुतलेलं आहे. दोन्ही खुर्चीवर ठेवलीत. सकाळी उठल्यावर बघू.