झाडावरचा शिंपला

२३ डिसेंबर १९५४, रेवदंडा

पास्कूकाकांनी माझा शिंपला सुरूच्या फांदीला बांधला, त्या घटकेला सगळं पालटलं.

त्यांच्या नाताळच्या झाडाला फक्त घरच्या माणसांच्या वस्तू लागतात. आजीचं शिवणाचं अंगुस्तान, समुद्रात बुडालेल्या त्यांच्या मुलाच्या, आंतोनच्या जाळ्याचं बूच. तो शिंपला मी काकांच्या मुलीला, रोझाला दिलेला, कॉलेज सोडून आलो तेव्हा. आणि गेल्या रविवारी मीच ओरडलो, फेकून दे तो खाडीत. का, तर लग्नाचं बापाला विचारायला घाबरते म्हणून. गाढव मी.

आज फांदी पोचवायला गेलो. काका म्हणाले, "अर्धं शिकून आलास, फांदी तरी पुरी आणलीस ना?" मी फांदी कोपऱ्यात उभी केली. रोझाने वस्तूंचा डबा उघडला, तर बुचाशेजारी माझा शिंपला.

"हा चुकून आलाय," म्हणत मी हात घातला.

"हात काढ. पोरीनं विचारलंय मला." काकांनी स्वतः गाठ मारली. "ईस्टरनंतर बघू लग्नाचं. तोवर आवाज खाली."

"जमेल का त्याला?" रोझा म्हणाली, माझ्याकडे न बघता.

सुटलो एकदाचा. शिंपला आंतोनच्या बुचाला लागून हलत होता, आणि माझे डोळे भरून आले. ते रोझाला दिसू नयेत म्हणून येतो म्हणालो, बाहेर पडलो आणि दार ओढून घेतलं.