धाकलूच्या घरातला चॅनल

४ जानेवारी
बेळगावहून बसने अँटेना-लॅपटॉपची पेटी आली. लेकीचा, अश्विनीचा, पाय प्लास्टरात, म्हणून मोजमाप माझ्याकडे. पीएचडीचा शेवटचा धडा : मातीच्या घरात जवळच्या जवळ वायरलेस सिग्नल कसा पसरतो, त्याचं मॉडेल. मुदतवाढ दोनदा झाली. ३१ तारखेला प्रबंध गेला नाही तर पोरीची नोंदणी रद्द.
बायको शकुंतला म्हणाली, "मदत करा, पन डोकं चालवू नका." मी सातवी नापास माणूस, रामनगरात तीस वर्षं साउंड सर्विस चालवतो. ती काय डोकं न चालवता?

५ जानेवारी
बाजारकुणंग गावी गेलो. ओळखीचा शेतकरी धाकलू, त्याचं घर नक्की केलं. मातीच्या भिंती, वर कौलं, कोपऱ्यात कंदांचा कमरेएवढा ढीग. एका टोकाला चार अँटेना उभ्या, चार फिरत्या. जमिनीवर खडूने २५६ खुणा, दहा-दहा सेंटिमीटरवर. प्रत्येक खुणेवर फिरत्या अँटेना ठेवून एक माप. सिग्नल भिंतीवर, जमिनीवर आपटून परततो आणि प्रत्येक अँटेनाला थोडा वेगळा ऐकू येतो. तो फरकच पोरीला हवाय; सिग्नलच्या या वाटेला ती 'चॅनल' म्हणते. मला हे नवं नाही. देवळात माइक लावायच्या आधी कुठला खांब घुमतो ते मी टाळी वाजवून सांगतो.
नियम एकच : माप चालू असताना कुणी हलायचं नाही, आणि काम संपेपर्यंत घरातली वस्तू हलवायची नाही.
धाकलूने विचारलं, "मामा, रेंज येनार व्हय?" म्हटलं, ही रेंज दहा मीटरची. "धा मीटर? तेवड्याला आमची काशी हाक मारती की!"
रोज तीस. नऊ दिवसांत खलास.

७ जानेवारी
दोन दिवसांत १९. तीही क्रमाने नाही, जी खूण मोकळी दिसेल तिथली.
गावात टॉवर आल्याची बातमी. माणसं बघायला येतात. आल्या माणसाला धाकलूची बायको काशी चहाशिवाय सोडत नाही, आणि चुलीकडे जायची वाट अँटेनांच्या मधून. म्हटलं, "वैनी, सुम्मे गप बसा की जरा." "मी बसले तर दूध कोन बगनार? तुमचा अँटेना?"
हललेली मापं बाद करायला हवी होती. ठेवली. घरात माणसं असायचीच. मॉडेल जिवंत होईल.

१० जानेवारी
७१ झाली होती. सकाळी गेलो तर जमीन ओली, हिरवीगार. काशीने शेणाने सारवलेली. खुणा साफ. "कालेजातलं कोन आलं तर त्येंनी असल्या रेघोट्यांत बसायचं? माझी अब्रू न्हाई?"
अश्विनीने दिलेल्या सूचनांच्या कागदावर लिहिलंय की ओली जमीन सिग्नल वेगळा परतवते. ऊन चांगलं आहे, वाळेल. खुणा नजरेने पुन्हा मारल्या. माझी नजर पट्टीपेक्षा सरळ.

१२ जानेवारी
जोयड्याला कंदांचा मेळा. धाकलू टेम्पो भरून गेला. कोपरा रिकामा.
कंदात नुसतं पाणी. एवढा ढीग सिग्नल पीत होता, तो आता मोकाट. परतल्यावर धाकलूला नियमाची आठवण दिली. "मामा, तुमी वस्तू म्हनला हुता. कंद काय वस्तू हाय? पीक हाय."
कोपऱ्यात भाताची सहा पोती रचली. उंची तीच. सिग्नलला काय कळतंय?

१६ जानेवारी
११३. पेटी परवा परत. १४३ बाकी.
शांत डोक्याने विचार केला. दोन खुणांत अंतर किती? एक मूठ. मुठीत काय मोठा फरक पडणार? लॅपटॉपवर शेजारच्या खुणेचं माप पुढच्या खुणेच्या नावाने उतरवत गेलो. तेही कटकटीचं, म्हणून चारी अँटेनांना एकच आकडे दिले. चौघी एका सुरात, कुठे बेसूर नाही. जुनं-नवं डोळ्यात येऊ नये म्हणून आधीच्या ११३ मधलेही आकडे चारी अँटेनांना एकच करून थोडे इकडचे तिकडे केले, आणि जुन्या फाइलवरच सेव्ह केले. ही लबाडी नव्हे, फिनिशिंग.
दुपारी तीनला काम पूर्ण.

१८ जानेवारी
पेटी पाठवली. अश्विनीचा फोन. "बाबा, सगळ्या खुणा? खरंच?" म्हटलं, मोजून घे. पलीकडे रडल्याचं ऐकू आलं. आनंदाचं रडणं मला बरोबर कळतं.

२५ जानेवारी
तिचे सर म्हणाले म्हणे, इतकं स्वच्छ मोजमाप जन्मात पाहिलं नाही. कुणी घेतलं ते विचारत होते. अश्विनीला म्हटलं, माझं नाव पूर्ण दे, आजोबांच्या नावासकट. फोन कट झाला. लाइन खराब असणार.

३० जानेवारी
अश्विनी सकाळच्या बसने आली. एकटी, कुबडी घेऊन. सर म्हणाले, चार जागी उभ्या असलेल्या चार अँटेनांना तंतोतंत एकच ऐकू येईल असं घर जगात नाही.
ओरडेल म्हणून तयारीत होतो. ओरडली नाही. छापलेले कागद पुढ्यात ठेवले, पेन हातात दिलं. "बाबा, यातली तुम्ही खरंच मोजलेली कुठली, तेवढ्यांवर खूण करा. शंभर खरी मिळाली तरी धडा लहान करून उद्या देता येईल. सर घेतो म्हणालेत."
परतीची बस साडेतीनला.
चष्मा लावून बसलो. पहिलं पान, दुसरं, मग पुन्हा पहिलं. शकुंतला दोनदा जेवायला बोलावून गेली. अश्विनी समोर बसून माझ्या पेनाकडे बघत होती.
तीन वाजले. सगळी सारखीच दिसतात.