एकही चूक नाही

धाकटे,

मी इंग्रजी शिकवते आणि माझीच बहीण ‘माय हेड इज पेनिंग’ लिहिते, म्हणून तुला किती रागवायचे मी. लग्न होऊन तिकडे गेलीस आणि हल्ली तुझे मेसेज अगदी निर्दोष येतात. आई खूश आहे. म्हणते, “जावयांनी पोरीला सुधारलं.” फोन मात्र तुझा नवराच उचलतो. “ती झोपलीय,” म्हणतो, भरदुपारीसुद्धा.

काल मी मुद्दाम कळवलं, मावशी वारली. आपल्याला मावशीच नाही. तुझ्या फोनवरून सुरेख इंग्रजीत सांत्वन आलं, शब्दन् शब्द अचूक.

हे पत्र पाठवत नाही, तुझ्याआधी तोच वाचेल. न कळवता मीच निघालेय. दार तू उघड गं.

तुझी ताई