आत्याच्या ॲडॅप्टरमधला टिक

२ सप्टेंबर, सोमवार

आत्याच्या हेडफोनच्या ॲडॅप्टरमध्ये दोष आहे. तिचे हेडफोन आज सहज कानाला लावले म्हणून कळलं. बोलण्याच्या मागे बारीक ‘टिक’ असा आवाज येतो. थांबतो. पुन्हा येतो. आत्याला विचारलं तर म्हणाली, कसला टिक गं, मला तर माणसं बोलताना ऐकू येतात.

आत्याचं कामच ऐकण्याचं आहे. लोकांच्या मीटिंगांची रेकॉर्डिंग येतात, ती ऐकून टाइप करून द्यायची. जितकी पानं तितके पैसे. लॅपटॉपची हेडफोनची खाच मागच्या वर्षी कॉफी सांडून गेली. (मी सांडली नव्हती. मी फक्त कप ठेवला होता.) तेव्हापासून हा बोटभर वायरचा ॲडॅप्टर आहे. एक टोक यूएसबीत, दुसऱ्यात हेडफोन.

एकोणीस तारखेला तिची परीक्षा आहे. घरूनच द्यायची, कॅमेऱ्यासमोर. एजन्सीला एक जागा कायमची भरायची आहे. आत्या म्हणाली, पन्नाशी उलटलेल्या बाईला परमनंट करणारा कोण असतो, एवढी एकच गाडी आहे, चुकली तर चुकली.

अशा परीक्षेला टिकवाला ॲडॅप्टर घेऊन बसणं बेजबाबदारपणाचं आहे. मी वॉशिंग मशीनच्या कंट्रोल बोर्डांचं टेस्टिंग करते. हे त्याच्यापुढे किरकोळ. उद्या अर्ध्या तासात संपवायचं.

३ सप्टेंबर, मंगळवार

ड्रायव्हर काढला. लॅपटॉपबरोबर येणारा साधा ड्रायव्हर टाकला. स्वच्छ काम.

टिक आहे. शिवाय डावीकडचा आवाज उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे येतो. आत्याने हेडफोन उलटे घातले आणि म्हणाली, मिटलं. मी तिला समजावलं की याला दुरुस्ती म्हणत नाहीत, याला तात्पुरती सोय म्हणतात. ती म्हणाली, तूही इथे तात्पुरतीच राहायला आली होतीस, पाचवं वर्ष लागलं, माझं कुठे काय अडलं?

विषयाशी संबंध नाही. फ्लॅट शोधणं चालू आहे.

५ सप्टेंबर, गुरुवार

ड्रायव्हरचा दोष नाही. मुळात फर्मवेअर जुनं आहे. फर्मवेअर म्हणजे काय ते आत्याला सोप्या भाषेत सांगितलं: ॲडॅप्टरच्या पोटात एक छोटासा प्रोग्राम असतो, कसं वागायचं ते तो ठरवतो. आत्या म्हणाली, मग आत्ता शहाण्यासारखा वागतोय ना, कशाला खाजवून खरूज काढतेस.

तांत्रिक शिक्षण नसलं की माणूस म्हणींवर अवलंबून राहतो.

७ सप्टेंबर, शनिवार

कंपनीच्या साइटवर या मॉडेलच्या दोन फाइल आहेत, अ आणि ब. आपला अ की ब ते ॲडॅप्टरवरच छापलेलं असतं, पण त्यावर आत्याने नेलपॉलिशचा ठिपका दिला आहे, हरवू नये म्हणून. ब नवी आहे. नवी फाइल जुन्या चुका सुधारूनच काढतात. ब टाकली.

अपडेट यशस्वी, असा संदेश आला. हिरव्या अक्षरांत.

आता लॅपटॉप ॲडॅप्टरला कीबोर्ड समजतो.

८ सप्टेंबर, रविवार

परिस्थिती नियंत्रणात आहे. आवाज अजून येतो, तेव्हा ॲडॅप्टर अंशतः चालू आहे असं म्हणता येईल. फक्त मधूनच तो स्वतःहून ‘फ’ टाइप करतो. का ते शोधते आहे. ‘फ’च का, हा खरा प्रश्न आहे.

आत्याने काल एका बंगल्यांच्या सोसायटीची सभा टाइप करून पाठवली होती. अध्यक्षांच्या भाषणात सगळीकडे फफफ. आत्या डोक्याला हात लावून बसली. मी म्हटलं, तपासून पाठवायला हवं होतं. तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. 

संध्याकाळी एजन्सीचं उत्तर आलं. अध्यक्षांनी प्रत आहे तशी मंजूर केली आहे. भाषण हुबेहूब उतरलंय असं त्यांच्या पत्नीचं मत पडलं म्हणे.

१० सप्टेंबर, मंगळवार

पद्धतशीर काम करायचं तर तुलनेला एक निरोगी नमुना हवा. अगदी तसाच दुसरा ॲडॅप्टर आणला. योजना सोपी: नव्यातलं फर्मवेअर वाचून घ्यायचं, जुन्यात लिहायचं.

प्रोग्राममध्ये ‘वाचा’ आणि ‘लिहा’ ही बटणं शेजारीशेजारी ठेवली आहेत. हा डिझाइनचा दोष आहे, मी त्यांना कळवणार आहे. जुन्यातलं नव्यात लिहिलं गेलं.

आता दोन्ही ॲडॅप्टर तंतोतंत सारखे आहेत. तुलना सोपी झाली.

११ सप्टेंबर, बुधवार

कंपनीच्या मदत केंद्राशी चॅट केलं. पलीकडच्या माणसाला दोष नीट, क्रमाने, आकृतीसह सांगितला. तो म्हणाला, मॅडम, एकदा काढून परत लावून बघा. मी माझं शिक्षण सांगितलं. तो म्हणाला, छान, अभिनंदन मॅडम, आता काढून परत लावून बघा.

मी काढून परत लावल्याचं खोटं सांगितलं. तत्त्वाचा प्रश्न होता.

१२ सप्टेंबर, गुरुवार

ऑफिसातल्या साउंडवाल्याला घरी बोलावलं. वॉशिंग मशीन संपल्यावर वाजते ती धून त्याने बनवली आहे, म्हणून तो साउंडवाला. माणूस बरा आहे. मत नाही, निरीक्षण.

त्याने डोळे मिटून खूप वेळ ऐकलं. टिक नाही, म्हणाला. स्क्रीनवर फ आहे, कानात टिक नाही. मी हेडफोन घेतले: टिक आहे. त्याला दिले: नाही. मग त्याने हेडफोन ॲडॅप्टरमधून उपसून काढले आणि नुसतेच माझ्या कानाला लावले. टिक आहे.

नोंद: ॲडॅप्टर काढल्यावरही परिणाम शिल्लक राहतो. हे फार गंभीर आहे.

एवढ्यात आत्या चहा घेऊन आली आणि म्हणाली, अहो, ती विचार करायला लागली की दातावर दात आपटते. बालवाडीपासूनची सवय. बाईंनी चिठ्ठी पाठवली होती घरी.

साउंडवाला चहा पिता पिता खोकला. तो हसू दाबत होता असं म्हणायला पुरावा नाही.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

आत्याचा दावा फेटाळण्यासाठी प्रयोग केला. दातांत पेन्सिल धरून ऐकलं. टिक गेला. पेन्सिल काढली, टिक आला.

लाकूड विजेला अडवतं. म्हणजे दोष विजेचाच आहे. माझं निदान पहिल्यापासून बरोबर होतं.

आत्याला सांगितलं. ती म्हणाली, मग धरूनच का नाही ठेवत पेन्सिल, निदान तोंड तरी बंद राहील.

१५ सप्टेंबर, रविवार

आत्या सध्या मोबाइल कानाला मफलरने बांधून काम करते. ऐकते मोबाइलवर, टाइप करते लॅपटॉपवर. मान एका बाजूला कलली आहे. काम मागे पडलंय. एजन्सीच्या सुपरवायझर बाईंचा फोन आला तेव्हा मी खोलीतच होते. त्यांनी बजावलं: परीक्षेला वायरचे हेडफोन, कानावर, लॅपटॉपला जोडलेले, कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत. नाहीतर नाव खाली सरकेल, मागे दुसरी बाई उभीच आहे.

आत्या हो मॅडम, हो मॅडम म्हणत होती. फोन ठेवल्यावर किती तरी वेळ मफलरची गाठ सोडत बसली. गाठ साधी होती.

मी तिला शब्द दिला: एकोणीसच्या आत ॲडॅप्टर पहिल्यापेक्षा उत्तम करून देईन. आत्या म्हणाली, बाई गं, तू मला एकच शब्द दे, हात लावणार नाहीस असा.

भावनेच्या भरात लोक काहीही मागतात.

१७ सप्टेंबर, मंगळवार

अमेरिकेतल्या की तैवानमधल्या कुठल्याशा फोरमवर मी दोष टाकला होता. एक उत्तर आलं. सात वर्षांपूर्वी ज्याने हाच प्रश्न विचारला होता त्याचंच. त्याने विचारलंय, तुला काही सापडलं का? मी लिहिलं, सापडतच आलंय. त्याने लिहिलं, मीही तेव्हा असंच म्हणत होतो.

निराशावादी माणूस. ब्लॉक केलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

कणकेच्या डब्यात एक नवा ॲडॅप्टर सापडला. प्लॅस्टिकच्या पिशवीत, तळाशी. दुसऱ्याच कंपनीचा. आत्याने गुपचूप आणलेला दिसतो. पीठ हा पदार्थ इलेक्ट्रॉनिक वस्तूंना किती घातक असतो हे तिला कोणी सांगितलेलं नाही.

मी काढून पुसला. लावून पाहिला. चालतो. शब्द मी दिलेला नव्हता, तिने फक्त मागितला होता. तरीही मी हात लावणार नव्हते. पण स्क्रीनवर आपोआप आलं: नवं फर्मवेअर उपलब्ध आहे. उद्या परीक्षा. ऐन परीक्षेत ही सूचना समोर आली असती तर? आधीच उरकून टाकलेलं बरं. आत्याला सकाळी सुखद धक्का.

अपडेट निम्म्यावर असताना आत्याने मिक्सर लावला आणि घरातली वीज गेली, वाय-फायसकट. या मिक्सरबद्दल मी पूर्वीही बोलले आहे.

ॲडॅप्टरचा दिवा मात्र लागतो. म्हणजे त्याच्यापर्यंत वीज पोचते. उरला फक्त आवाजाचा प्रश्न. पुन्हा पिठात ठेवला.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी आत्याने डबा उघडला, पिशवी काढली, ॲडॅप्टर लावला, हेडफोन घातले. मग काढले. पिशवीवरच्या पिठात माझी बोटं उमटली होती ती पाहिली. मी अहवाल द्यायला सुरुवात केली. वीज, मिक्सर, क्रम. तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, तू लहान असताना रडली नाहीस ना कधी, मला तेव्हाच काळजी वाटायची. लॅपटॉप काखोटीला मारला आणि समोरच्या काकूंकडे गेली.

काकू बँकेतून रिटायर झाल्या आहेत आणि दिवसभर इंटरनेटवर मोटारींच्या शर्यती खेळतात. त्यांचे हेडफोन सरळ यूएसबीला लागतात. हेडफोनना मांजराचे कान आहेत. कान गुलाबी पेटतात. दिवा बंद करायची सोय नाही.

आत्याने परीक्षा तेच घालून दिली. कॅमेऱ्यात दिसले पाहिजेत असा नियम होता, तेव्हा दिसले. सुपरवायझर बाईंनी म्हणे आधी चष्मा पुसला, मग म्हणाल्या, चालेल, सुरू करा. हे सगळं काकूंनी मला दारातूनच सांगितलं. आत या म्हणाल्या नाहीत. त्यांच्या कॉम्प्युटरचा पंखा वाजतो आहे असं मी त्यांच्या कानावर घातलं. त्यांनी दार लावलं.

२० ते २४ सप्टेंबर

आत्या माझ्याशी व्यवस्थित बोलते. मीठ दे, गॅस बंद कर, एवढंच. निकाल यायचा आहे. फोन वाजला की ती आधी हात पुसते, मग उचलते. दोनदा गॅसवाला निघाला.

मी रजा टाकून ॲडॅप्टरवर बसले आहे. दातांत पेन्सिल.

२७ सप्टेंबर, शुक्रवार, दुपारी

यश. दोन्ही जुन्या ॲडॅप्टरवर मूळ फर्मवेअर परत बसलं. अ फाइल. डावं डावीकडे, उजवं उजवीकडे, फ नाही. दोन तारखेला एक होता, अगदी तसे दोन झाले. याला म्हणतात संपूर्ण दुरुस्ती.

हे सांगायला हॉलमध्ये गेले तर आत्या फोन धरून उभी. लागली. परमनंट. तिने मला मिठी मारली. मी कशी प्रतिक्रिया द्यायची याचा विचार करत असताना मिठी संपली.

ॲडॅप्टर दाखवले. छान केलंस, म्हणाली. दोन्ही माझ्याच हातात परत ठेवले.

३० सप्टेंबर, सोमवार

आत्याला पर्याय दिला होता, घरून काम किंवा ऑफिसात. ऑफिस गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून. तिने ऑफिस घेतलं. मी विचारलं, घर सोयीचं नाही का? ती म्हणाली, तिथे शांतता असते.

एका हॉलमध्ये चाळीस बायका एकदम टाइप करतात. शांतता कशी असेल? बहुधा तिला प्रवासाची आवड आहे. माणसं आपल्या आवडी उगीच लपवून ठेवतात.

७ ऑक्टोबर, सोमवार

आत्या सकाळी डबा घेऊन गेली. पायऱ्या उतरताना गुणगुणत होती.

एजन्सीच्या आयटी विभागाला मेल पाठवला. माझा परिचय, अनुभव आणि एक प्रस्ताव: चाळीस हेडफोन म्हणजे चाळीस ॲडॅप्टर, सगळ्यांचं फर्मवेअर शनिवारी येऊन विनामूल्य तपासून देईन. संक्षिप्त, मुद्देसूद मेल.

चार वाजता उत्तर आलं. इतक्या लवकर उत्तर येणं हे चांगल्या विभागाचं लक्षण आहे.

‘आपल्याविषयी आपल्या आत्यांनी रुजू होण्यापूर्वीच आम्हाला कळवलं आहे. इथे सर्व काही व्यवस्थित चालू आहे. कृपया येऊ नये. कृपया.’

भाषा सभ्य आहे.