चौथे कलम आणि चार ठोके

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, व्यवसाय गाणे, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय (उद्याच्या कार्यक्रमाचे दडपण यात धरत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या) माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. प्रकृती ठणठणीत आहे. पण उद्या मी पहिल्यांदाच बँडशिवाय, एकटीने गाणार आहे, आणि घरात शिकलेली मी पहिलीच असल्यामुळे चौथीपासून सगळ्यांचे कागद मीच भरते. माझा कोण भरणार?

१. चंदेरी जाकीट आईला, कारण शिवले तिनेच. मी रॉक गायचे तेव्हा ती विचारायची, "एवढी कोणावर डाफरतेस गं?" नवी हलकीफुलकी गाणी ऐकून म्हणाली, "आता शब्द कळतात. आधीचंच बरं होतं."

२. हेडफोन बाबांना. बेकरीत भट्टीपाशी घालू नयेत. मागे माझ्या एका गाण्यापायी दोन ट्रे पाव करपले आहेत.

३. मोठा स्पीकर बँडच्या गिटारवाल्याला. मी निघताना तो म्हणाला होता, "जा, लिफ्टमध्ये वाजतात तसली गाणी गा." स्पीकर त्याने तिसऱ्या मजल्यावर जिन्याने न्यावा. लिफ्ट वापरू नये.

४. बँडचा ड्रमर माझा मावसभाऊ. नऊ वर्षे दादा काठ्या एकमेकींवर चारदा वाजवायचा आणि मगच माझा आवाज फुटायचा. तीन महिन्यांपूर्वी मी बँड सोडला, तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. माझ्या नव्या गाण्यात ताल यंत्राचा आहे, पण सुरुवातीचे चार ठोके दादाचे आहेत. जुन्या तालमीच्या रेकॉर्डिंगमधून मी ते न विचारता घेतले, कारण त्यांच्याशिवाय मला सुरूच करता येईना. ही चोरी आहे. त्या गाण्याची अर्धी मालकी त्याला द्यावी. त्याची हरकत असेल, तर उद्या मी ते गाणार नाही.

५. (नंतर लिहिलेले.) साक्षीला मी रेकॉर्डिंग करणाऱ्या ताईंना बोलावले. दुसरा साक्षीदार म्हणून त्या परस्पर दादालाच घेऊन आल्या. त्याने उभ्याउभ्या सगळे वाचले.

"साक्षीदाराला वाटा मिळतो?"

"नाही. वकीलबाईंनी बजावलंय. तू सही केलीस तर चौथं कलम बाद."

"मग कर बाद. आण पेन."

"दादा, नीट विचार कर."

"नऊ वर्षांचं रेकॉर्डिंग पडलं होतं, आणि उचललेस ते हे? तिसरा ठोका घाईत पडलाय माझा."

"मला तोच बरा वाटला."

"तुला काय कळतंय. उद्या किती वाजता आहे? येऊन नीट वाजवतो."

सबब कलम चार खोडले आहे. दादाने पेन टेबलावर चारदा वाजवले आणि माझ्या हातात दिले. मग मी सही केली.

सही: गायिका

साक्षीदार: १. मावसभाऊ, ड्रमर
२. रेकॉर्डिंगच्या ताई

स्थळ: तालमीची खोली
दिनांक: कार्यक्रमाच्या आदला दिवस, दुपारी